मावशीची कोकणी आणि फोर्ट कोचीतले चार दिवस

शनिवार रात्र आणि अख्खा रविवार

पुण्याहून कोचीला विमानानं दोन तासांत जाता येतं, हे मला ठाऊक होतं. मावशीलाही ठाऊक होतं. पण "येताना कसंही ये, जाताना गाडीनंच जायचं, वाटेत कारवार लागतं," असं तिनं जाहीर केलं आणि विषय संपला. शनिवारी रात्री पुण्याहून सुटणारी पूर्णा एक्स्प्रेस आम्ही पकडली. डब्यात धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि मावशीच्या पिशवीत आणखी काय काय.

मावशी एकाहत्तर वर्षांची. माहेर सदाशिव पेठेतलं, म्हणजे माझ्या आईचंच. सासर मात्र कारवारचं सारस्वत. लग्नानंतर सासूबाईंनी तिच्याशी मराठी बोलायला साफ नकार दिला, म्हणून ती कोकणी शिकली आणि पुढे इतकी बोलू लागली की काकांशी भांडणंही कोकणीतच व्हायची. आम्हा भाचरांना त्यातलं अर्धं समजायचं, ते अर्धं नेमकं भांडणातलं. काकांना जाऊन तीन वर्षं झाली.

दुपारी काळी नदीचा पूल आला तेव्हा ती खिडकीशी सरकली आणि पूल संपेपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "चहावाला कुठे गेला गं?" बाकी रविवार म्हणजे नारळ, बोगदे, पुन्हा नारळ. एर्नाकुलमला उतरलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि फेब्रुवारीतही अंगाला घामाचा चिकटा होता.

सोमवार

फोर्ट कोचीत किल्ला नाही, हे आधी सांगून टाकते. पोर्तुगीजांनी १५०३ मध्ये इथं लाकडी कोट उभारून त्याला आपल्या राजाचं, मान्युएलचं नाव दिलं. डचांनी तो १६६३ मध्ये घेतला आणि छाटून लहान केला. १७९५ मध्ये इंग्रज आले, त्यांनी पुढे उरलासुरलाही पाडला. आज समुद्रकाठी चार दगड आणि एक फलक. आमच्या शनिवारवाड्याला तट आहे पण आत वाडा नाही. इथे तटही नाही, नुसतं नाव. मावशी म्हणाली, "म्हणजे तिकीट नाही ना? चल मग."

सकाळी सहालाच चिनी जाळ्यांपाशी गेलो. सागाच्या आणि बांबूच्या लांबच लांब वाशांवर ताणलेली ही जाळी काठावर ओळीनं उभी असतात. चार-पाच जण दोर सोडतात, जाळं पाण्यात उतरतं, जरा वेळानं ओढून वर घेतात. दुसऱ्या टोकाला दोरांना मोठमोठे धोंडे टांगलेले, त्यांच्या वजनानं तोल सांभाळला जातो. ही जाळी चिनी दर्यावर्द्यांनी थेट आणली असं कोणी म्हणतं, पोर्तुगीजांनी मकावहून आणली असं दुसरं कोणी. मलयाळममध्ये मात्र वाद नाही: चीनवला, चिनी जाळं. आम्ही पाहिलं त्या खेपेला एक खेकडा आणि मूठभर चंदेरी मासे आले. एवढ्या मोठ्या सांगाड्याच्या मानानं कमाई अगदीच किरकोळ, पण ओढणाऱ्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. फोटोसाठी उभं राहायचे पैसे त्यांना वेगळे मिळत होते.

खरी गंमत शेजारी. होड्यांमधून आलेले मासे जमिनीवर ढीग करून मांडलेले, भोवती माणसांचं कडं आणि मध्ये एकजण मंत्र म्हणावेत तसे आकडे म्हणत होता. रिक्षावाल्याला विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, "लेलम."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "लिलाव?"

लिलावच. पोर्तुगीज 'लेलाँव', तोच आपल्याकडे लिलाव झाला आणि इथे लेलम. मग नाश्ता होईपर्यंत आमचा हाच खेळ. आपल्याकडे पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं. यांच्याकडे टेबलाला मेशा, खुर्चीला कसेरा, खिडकीला जनल. घमेल्यातून माती वाहणारा आपला गवंडी पोर्तुगीज बोलतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कोचीच्या मासळीबाजारात नीट उमगलं.

त्या बाजारात सुरमई होती, कोळंबी होती, हिरवट-काळी करीमीन होती, आणि होता सोमवार. मावशी सोमवारी मासे खात नाही. तिनं ढिगाऱ्यांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. "उद्या," एवढंच म्हणाली, माशांना उद्देशून.

नाश्त्याला अप्पम आणि भाज्यांचं इष्टू. इष्टू म्हणजे स्टू, पण नारळाच्या दुधातला, मिरी-लवंग-दालचिनी घातलेला, रंगानं पांढरा आणि चवीला शांत. अप्पम म्हणजे मध्ये फुगलेली, कडेला जाळीदार कुरकुरीत आंबोळी, असं मी म्हटलं तर मावशीला ते पटलं नाही. "आंबोळीला कडा नसते," म्हणाली. जेवणाबरोबर सगळीकडे गुलाबी कोमट पाणी येतं. मला आधी वाटलं, हात धुवायचं. ते पतिमुखम घालून उकळलेलं पिण्याचं पाणी. पतिमुखम म्हणजे आपल्या आयुर्वेदातलं पतंग नावाचं लाकूड. फक्त त्याचा रंग पाहून मी पहिला पेला सोडून दिला, ही चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली.

सेंट फ्रान्सिस चर्च अगदी साधं आहे. आधीच्या लाकडी चर्चच्या जागी १५१६ मध्ये हे दगडी उभं राहिलं. वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो व्हाइसरॉय होऊन, आणि काही महिन्यांतच, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, कोचीतच मेला. त्याला इथं पुरलं. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या. आता फरशीत एक दगड आणि त्याभोवती पितळी कठडा. "रिकाम्या कबरीला एवढा कठडा!" इति मावशी. पोर्तुगीजांचे कोरीव थडग्याचे दगड एका भिंतीला, डचांचे समोरच्या भिंतीला लावलेत. जिवंतपणी लढले, आता समोरासमोर उभे आहेत. मला आवडले ते छताखालचे कापडी पंखे. आडव्या दांड्यांना लावलेल्या झालरी, त्यांचे दोर भिंतीतल्या भोकांतून बाहेर. आत प्रवचन चाले तेव्हा बाहेर उन्हात कोणीतरी ते दोर ओढत बसे. त्या माणसाचा दगड कुठल्याच भिंतीला नाही.

सांताक्रूझ बॅसिलिका पाहिली. रंगीत आहे, मोठी आहे, आणि आत्ताची वास्तू १९०५ ची. जुनी इंग्रजांनी पाडली. त्याहून जास्त वेळ आम्ही परेड मैदानाभोवतीच्या पर्जन्यवृक्षांखाली काढला. फांद्यांवर नेचे आणि बांडगुळं इतकी की झाडावर दुसरं रान. पोरं क्रिकेट खेळत होती. मावशी अर्धा तास पंच होती, भाषा न येता.

मंगळवार

होमस्टेच्या यजमानीणबाई लॅटिन कॅथलिक. त्यांनी नाश्त्याला ब्रूडर दिला: मनुके घातलेला, किंचित गोड, दाट पाव. डच गेले, पाव राहिला. लग्नात आणि नाताळात त्यांच्याकडे विंदालू होतो. हॉटेलांतल्या 'विंदालू'त बटाटे पाहिले की बाई चिडतात. मूळ पोर्तुगीज शब्दांत वाइन आणि लसूण आहे. इथं वाइनच्या जागी शिरका आला. आलूचा काही संबंध नाही. पुण्यात एका समारंभात मी बटाट्याचा विंदालू आवडीनं दोनदा वाढून घेतला होता, ते सांगितलं नाही.

मट्टनचेरीला रिक्षानं निघालो. रिक्षावाल्यानं 'दोन मिनिटं' म्हणत आधी एका हस्तकलेच्या दुकानात नेलं, मग मसाल्यांच्या. तिसऱ्या दुकानाशी मावशीनं शुद्ध पुणेरी मराठीत त्याला जे सुनावलं ते त्याला शब्दन्‌शब्द कळलं असावं, कारण नंतर रिक्षा सरळ 'डच राजवाड्या'शी थांबली.

तर हा डच राजवाडा डचांनी बांधलेला नाही. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला भेट दिला; जवळचं देऊळ लुटल्याचा राग घालवायला, असं सांगतात. डचांनी फक्त डागडुजी केली आणि नाव लावून घेतलं. वाडा आपल्या वाड्यासारखाच चौकाचा, मध्ये देवीचं देऊळ. आतल्या शयनगृहाच्या भिंती रामायणानं भरलेल्या: हिरवे, गेरू, पिवळे रंग, आकृत्यांच्या मध्ये कुठेही रिकामी जागा नाही. दशरथाच्या यज्ञापासून सुरुवात. आम्ही भिंतीशी नाक लावून ओळखत बसलो, हा कोण, ती कोण. मावशी हरली नाही. आणि जमीन! काळ्या संगमरवरासारखी चकचकीत, पण ती आहे जळलेल्या करवंट्या, कोळसा, चुना, झाडांचे रस आणि अंड्याचा पांढरा बलक यांची. शेणानं सारवायच्या दिवसांतली मावशी वाकून हात फिरवून आली. पहारेकऱ्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तिथून चालत ज्यू टाऊन. या गल्लीत ज्यू आता जवळजवळ नाहीत. जुन्या वस्तूंची दुकानं, काश्मिरी शाली, अत्तरं, आणि टोकाला परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १५६८ चं. पोर्तुगीजांनी मोडतोड केली, डचांनी लगेच दुरुस्त करू दिलं. १७६० मध्ये घड्याळाचा मनोरा आला. त्याच्या तबकड्यांवर हिब्रू, रोमन आणि मलयाळम आकडे. आत निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, हातानं रंगवलेल्या. एकासारखी दुसरी नाही म्हणतात. मावशीनं हे आव्हान समजून घेतलं आणि अनवाणी पायांनी ओळ धरून दोन सारख्या फरश्या शोधायला लागली. वीसेक मिनिटांनी म्हणाली, "या दोघी सारख्या आहेत, पण हिचं झाड जरा वाकलंय." म्हणजे हरली.

मला मात्र सारखं पुण्याच्या लष्कर भागातलं लाल देऊळ, म्हणजे आमच्याकडचं सिनेगॉग, आठवत होतं. डेव्हिड ससूननं बांधवलेलं, १८६७ चं, ते इतकं उंच आणि लाल की लहानपणी मला चर्चच वाटायचं. माझ्या शाळेत बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यूंपैकी, मैत्रीण होती, घरी मराठी बोलणारी, मलिदा डब्यात आणणारी. कोचीच्या ज्यूंची बोली मलयाळम. १९४८ नंतर, मुख्यतः पन्नाशीच्या दशकात, बहुतेक सगळे इस्रायलला गेले. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इतक्या झुंबरांखाली दहा माणसं जमत नाहीत. फरश्या मोजणारे आम्ही तेवढे होतो.

बाजार रस्त्यावर अजून खरी उलाढाल आहे. गोदामांतून सुंठ, मिरी, वेलचीचे वास, खाडीच्या बाजूला दारं, हमाल. १३४१ च्या पुरानं पेरियार नदीचं तोंड बदललं, मुझिरिसचं जुनं बंदर गाळानं बुजलं आणि कोचीचं उघडलं. तेव्हापासूनचा हा बाजार. कोपऱ्यावर कांद्याच्या गोण्या, वर लासलगावचा शिक्का. मावशी गोणीशेजारी उभी राहून म्हणाली, "याचा काढ फोटो." सबंध प्रवासात तिनं स्वतःहून मागितलेला हा पहिला.

दुपारी कायीजची बिर्याणी. मट्टनचेरीचं जुनं, बुटक्या बाकांचं ठिकाण. बारीक, आखूड कैमा तांदूळ, मटण मऊ, मसाला हात राखून, बरोबर खजुराचं लोणचं. कच्छी मेमन, दखनी, तमिळ, गुजराती अशा सगळ्यांनी भरलेल्या वस्तीत ही बिर्याणी कुणा एकाची नाही. मी दोनदा वाढून घेतली. मावशी मात्र संध्याकाळच्या माशासाठी पोट राखून होती.

आणि तो मासा आम्हाला महाग पडला. जाळ्यांजवळ मासा विकत घ्यायचा आणि शेजारच्या टपरीवर शिजवून घ्यायचा, अशी पद्धत. मावशीनं भाव केला, मंडईत केला तसा, आणि जिंकली. मग टपरीवाल्यानं शिजवण्याचे, केळीच्या पानाचे, मसाल्याचे, भाताचे वेगवेगळे लावले आणि एका करीमीनचे साडेसातशे झाले. नारळाच्या तेलात वाटण लावून केळीच्या पानात भाजलेलं पोळ्ळिच्चदु होतं, उत्तम होतं, पण काट्यांनी भरलेलं. मावशीनं सगळे काटे पानाच्या कडेला ओळीनं मांडले. "दोन दिवस पुरले असते या पैशात बांगडे," असं म्हणून बोटं चाटली.

बुधवार

सकाळी वेळी नावाच्या भागातला धोबीघाट पाहिला. डचांनी आपले गणवेश धुवायला तमिळ परीट आणले, त्यांचे वंशज अजून धुतायत. कपडे वाळत घालायला चिमटे नाहीत. दोन काथ्याच्या दोऱ्या पिळून, त्या पिळात कपड्याचं टोक अडकवतात. तांदळाची खळ. पाहून लगेच निघालो, कारण मावशीला चेरलाईला जायचं होतं.

कोचीत कोकणी बोलतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, आणि सारस्वत मिळेल त्या होडीनं दक्षिणेला निघाले. काही कोचीला पोहोचले. गंमत पाहा, इथंही पोर्तुगीज होतेच. पण आसरा दिला तो राजानं, त्याच्या मुलखात. चेरलाईला त्यांचं तिरुमल देवस्वम, व्यंकटेशाचं भलंमोठं देऊळ. भोवती घरं, पापडांची दुकानं.

अशाच एका दुकानात आम्ही शिरलो. गल्ल्यावर सत्तरीच्या बाई, कानात कुड्या. मी हिंदीत पापडांचा भाव विचारला. त्यांनी मागे वळून आत कोणाला तरी काहीतरी विचारलं, आणि ते मला समजलं. मला समजलं, म्हणजे मावशीला तर समजलंच. ती कोकणीत म्हणाली की उडदाचे नकोत, मिरीचे दाखवा.

बाईंनी चष्मा वर केला. "खंयचे?"

पुढचा दीड तास मी स्टुलावर बसून होते. सुरुवातीला दोघी एकमेकींचे शब्द दुरुस्त करत होत्या, कारण बाईंच्या कोकणीत मलयाळम आणि मावशीच्या कोकणीत सदाशिव पेठ. मग ते थांबलं. सासू, देव, सांधे, मुलं परदेशात, सगळं झालं. मावशीचा आवाज बदलला होता, जरा वरचा, भरभर, वाक्याच्या शेवटी हेल. काका होते तेव्हा तो फोनवर आतल्या खोलीतून ऐकू यायचा. तीन वर्षांत मी तो ऐकला नव्हता आणि ऐकला नाही हे लक्षातही आलं नव्हतं.

जेवून जा म्हणाल्या. आम्ही 'नको नको' म्हणत बसलो. दाळितोय, म्हणजे हिंग आणि लाल मिरचीची फोडणी दिलेलं पातळ वरण. पत्रोडो, म्हणजे आपल्या अळूवडीचा वाफवलेला, जास्त चिंच-तिखटाचा थोरला भाऊ. फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली, तिला खोट्टो. ओल्या काजूंची उपकरी, म्हणजे सुकी भाजी. कांदा-लसूण नाही. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी निघालेली माणसं बरोबर काय घेऊन आली असतील? हिंगाची डबी नक्की.

मी फोनवर एक पान उतरवून ठेवलं होतं, ते तेव्हा काढलं. डच गव्हर्नर व्हान रेडे यानं मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ केला. पहिला खंड आम्स्टरडॅममध्ये १६७८ ला छापला. इट्टी अच्युतन या वैद्यानं झाडांची माहिती दिली, आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी वैद्यांनीही. या तिघांनी एप्रिल १६७५ मध्ये लिहून दिलेला दाखला ग्रंथात जसाच्या तसा छापलाय: कोकणीत, नागरी लिपीत. रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची ही अक्षरं, आणि महाराज हयात असताना ती हॉलंडात छापून झाली.

फोन दोघींच्या मध्ये धरला. बाईंना नागरी देवळातल्या पोथ्यांमुळे वाचता येत होती. वळणं जुनी, शब्द तोडलेले नाहीत. एकीला अडलं की दुसरी पुढे. एका ओळीला दोघी एकदम थांबल्या आणि एकदम पुढे गेल्या. तारखेपर्यंत पोहोचल्यावर बाई म्हणाल्या, आमच्याच गल्लीतले असणार हे भट. पुरावा काही नाही. मावशी म्हणाली, असणारच.

मिरीचे शंभर पापड घेतले. बाईंनी पैसे पन्नासांचेच घेतले.

संध्याकाळी दहा रुपयांच्या आतलं तिकीट काढून बोटीनं एर्नाकुलमला जाऊन परत आलो. मावळतीला बंदरात मालवाहू जहाजं, मध्ये गाळ उपसून तयार केलेलं विलिंग्डन बेट, काठाला जाळी. सगळे फोटो काढत होते. मावशी पापडांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

गुरुवार

विमान दुपारचं. पहाटे पुन्हा लेलम ऐकायला गेलो. या वेळी मावशीनं दोन आकडे बरोबर ओळखले. पळंपोरी, म्हणजे पिकल्या केळ्याची मैद्यातली भजी, आणि उंचावरून ओतलेला चहा. कुडमपुळी घेतली, कोकमाची ही काळी, धुराची बहीण, माशाच्या आमटीला.

विमानतळावर सामान देताना मावशीनं पापडांची पिशवी द्यायला नकार दिला. आत सीटवर बसल्यावर हवाईसुंदरीनं ती वर ठेवा म्हटलं, मग खाली ठेवा म्हटलं. मावशीनं तिला इतक्या प्रेमानं कोकणीत काहीतरी सांगितलं की ती हसून पुढे गेली. पुण्यापर्यंत पिशवी मांडीवरच.

कोथरूडला पोहोचल्यावर चहा टाकायच्या आधी तिनं वर्तमानपत्र पसरून पापड मोजले. दोन मोडले होते. ते लगेच तळले.